वजनाची चौकट: हळदपट्टीच्या प्रोग्रॅमच्या नोंदी

सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं एक अडत दुकान. तिथला पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला मालाचा हिशोब देणाऱ्या कागदाचा, प्रोग्रॅम फॉक्सप्रोमधला, डॉसवर चालणारा. काउंटरचा जुना संगणक आचके द्यायला लागला. नवा आणला तर ६४ बिटच्या विंडोजवर तो प्रोग्रॅम उघडेचना. म्हणून नवा लिहायचं काम माझ्याकडे आलं. भाषा सी शार्प, पडद्यावरच्या चौकटींसाठी विनफॉर्म्स, आणि ते चालवणारं डॉट नेट फ्रेमवर्क ४.८. आतल्या खोलीत अजून विंडोज ७ चा एक संगणक आहे आणि तो बदलायला मालक तयार नाहीत, त्यावरही चालावं म्हणून ४.८.

या नोंदी सगळ्या प्रोग्रॅमच्या नाहीत, फक्त वजन, दर आणि तोलाई (वजन करण्याचा आकार) या तीन चौकटींच्या आहेत. अंदाजपत्रकात या तिन्हींना मिळून मी अर्धा दिवस धरला होता. नोंदींत आकडे मराठीत लिहिलेत, पडद्यावर ते इंग्रजी समजावेत. जिथं फरक पडतो तिथं तसं सांगितलंय.

२८ जानेवारी

तीन टेक्स्टबॉक्स (लिहायच्या चौकटी) ओढून बसवले आणि कीप्रेसमध्ये, म्हणजे कळ दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, गाळणी लावली. आकडा असेल तर आत, टिंब एकदाच आत, बॅकस्पेस चालेल, बाकी सगळं बाहेर. आकडा ओळखायला तयार इज-डिजिट आहे, तेच वापरलं. मजकुराची संख्या करायला डेसिमल या संख्याप्रकाराचं पार्स. डबल हा दुसरा प्रकार वापरायचा नाही हे आधीच ठरलेलं होतं. ०.१ आणि ०.२ मिळवले की पोटात ०.३०००००००००००००००४ धरून बसणारा प्रकार पैशाच्या हिशोबाला नको.

तासाभरात झालं. १४२५०.५० टाकून बघितलं, नीट गेलं. वहीत 'झालं' अशी खूण केली. ती खूण अजून तिथंच आहे, पुढं चार वेळा खोडलेली.

३० जानेवारी

दुकानात गेले. सौदे चालू होते, म्हणजे पट्ट्या करणारे दिवाणजी थोडे रिकामे होते. त्यांची लगबग वजनं झाल्यावर. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी चौकट तीन ठिकाणी फोडली. त्यांचा हेतू फोडायचा नव्हता, ते नुसते काम करत होते.

पहिलं पेस्ट. कंट्रोल-व्ही माझ्या गाळणीत अडलं (कॉपीही अडली, तीही माझीच चूक), पण माऊसचं उजवं बटण दाबून पेस्ट केलं की कीप्रेसला पत्ताच लागत नाही. एक्सेलच्या वहीतून '१४,२५०/-' सरळ आत येऊन बसलं आणि पार्सने प्रोग्रॅम आडवा केला.

दुसरं टिंबाचं. चौकटीत १२.४० होतं. दिवाणजींनी सगळं निवडलं आणि त्यावर '.७५' लिहायला गेले. टिंब उठेना. माझी गाळणी बघत होती की मजकुरात टिंब आधीच आहे का, आणि ते होतं. पण ते निवडलेल्या भागात होतं, पुढच्या क्षणी पुसलं जाणारच होतं. गाळणीनं आहे तो मजकूर बघून भागत नाही. निवडलेला भाग वगळून, नवं अक्षर घालून जो मजकूर तयार होईल तो बघायला हवा. एक ओळ बदलली.

तिसरं मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. शेतकऱ्याचं नाव मराठीत लिहायचं म्हणून कीबोर्ड मराठीवर होता. वजनाच्या चौकटीत आल्यावर तो इंग्रजीवर न्यायचं राहिलं. त्यांनी ५ दाबलं, उमटलं मराठी ५. इज-डिजिटनं ते आनंदानं आत घेतलं, कारण त्याच्या दृष्टीनं जगातल्या कुठल्याही लिपीतला आकडा हा आकडाच. डेसिमलच्या पार्सला मात्र फक्त इंग्रजी ० ते ९ कळतात. दारावरचा म्हणतो या, आतला म्हणतो कोण तुम्ही.

"ताई, पाच तर पाचच हाय की. ह्याला काय झालं न कळायला?"

उत्तर नव्हतं. मराठी आकडे अडवावेत असं आधी वाटलं, पण का अडवायचे? युनिकोडमध्ये मराठी शून्य ते नऊ ओळीनं सलग दहा जागांवर आहेत. अक्षराच्या जागेतून शून्याची जागा वजा केली की किंमत हातात येते. कीप्रेसमध्येच की-चार (दाबलेलं अक्षर) बदलून त्या जागी इंग्रजी आकडा ठेवला. टाइप करणाऱ्याला कळतही नाही. पेस्ट झालेला मजकूरही असाच धुऊन घेतला, शिवाय '/-' आणि रुपयाचं चिन्ह काढून टाकलं.

१ आणि २ फेब्रुवारी

इथं मी अतिशहाणपणा केला. मालकांनी सहज म्हटलं, "लिहिता लिहिता स्वल्पविराम पडले तर बरं दिसंल." मलाही मोह झाला. टेक्स्टचेंज्डमध्ये (मजकूर बदलला की चालणारा कोड) प्रत्येक अक्षराला पार्स, लगेच लाख-हजारांत मांडणी, परत चौकटीत.

१४२५५ टाइप केलं. चौकटीत आलं ५१,४२५.

नीट बघितल्यावर कळलं. १४२ पर्यंत मजकूर बदलत नाही म्हणून काही होत नाही. चौथ्या आकड्याला १४२५ चं १,४२५ होतं, म्हणजे मजकूर नव्यानं भरला जातो आणि कर्सर उडी मारून सुरुवातीला जातो. मग पाचवा आकडा पुढं चिकटतो. शेवटचा आकडा शून्य असेल तर आणखी वाईट. १४२५० लिहिलं की शून्य पुढं जाऊन गळतं आणि उरतात १,४२५. चूक ओरडत नाही, गुपचूप दहापट कमी दर लागतो.

कर्सर सांभाळायला लागले. मांडणीआधी कर्सरच्या उजवीकडं किती आकडे आहेत ते मोजायचं आणि मांडणीनंतर तेवढेच उजवीकडं ठेवायचे. ते जमलं. मग '१२.' लिहिलं की पार्स होऊन १२ होतं आणि टिंब गायब. टिंब राखलं तर '०.०' चं ० होतं, म्हणजे ०.०५ कधी लिहिताच येत नाही. ते राखलं तर स्वल्पविरामावर बॅकस्पेस दाबल्यावर स्वल्पविराम पुसून पुन्हा उगवतो आणि माणूस बॅकस्पेस बडवत बसतो. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं.

दोन संध्याकाळी, सात तास. सगळं काढून टाकलं. माणूस लिहीत असताना त्याच्या हाताखालचा कागद हलवू नये, एवढं साधं मला ५१,४२५ बघितल्यावरही लगेच सुचलं नाही.

५ फेब्रुवारी

तयार खेळणी वापरून बघितली. मास्क्ड टेक्स्टबॉक्स अर्ध्या तासात बाद. तो डावीकडून घरं भरतो आणि मधे रेघा सोडतो, वजनासारख्या कमीजास्त लांबीच्या आकड्याला त्याचा उपयोग नाही.

न्यूमेरिक-अप-डाउन, म्हणजे फक्त आकड्यांची तयार चौकट, आवडला होता. पहिल्यांदा दर टाकला १४२५० आणि पुढच्या चौकटीत गेले तर झाला १००. त्याची कमाल मर्यादा मुळात १०० असते, ती वाढवायची मी विसरले होते. वाढवली. दशांश स्थळं मुळात शून्य असतात, ती दोन केली. दिवाणजींकडं दिलं. त्यांना खालची पट्ट्यांची यादी सरकवायची होती, म्हणून त्यांनी माऊसचं चाक फिरवलं. कर्सर दराच्या चौकटीत होता. यादी हलली नाही, दर १४,२५० चा १४,२४७ झाला. एका खटक्याला तीन रुपये. त्यांनी बघितलं नव्हतं, मी मागं उभी होते म्हणून दिसलं.

चाक बंद करता येतं. पण ज्या वस्तूत पैसे आपोआप बदलायची सोय मुळातच आहे ती पट्टीवर ठेवायला माझं मन धजेना. परत साधा टेक्स्टबॉक्स.

८ आणि ९ फेब्रुवारी

आता ठरलं ते असं. चौकटीत शिरलं की स्वल्पविराम काढून उघडा आकडा दाखवायचा आणि सगळा निवडून ठेवायचा. लिहिताना फक्त गाळणी. बाहेर पडताना वाचायचं, तपासायचं आणि मांडून दाखवायचं: १४,२५०.००.

ऐकायला सोपं आहे. अडलेल्या जागा अशा.

टॅबनं आलं की निवड नीट होते. माऊसनं क्लिक करून आलं की निवड लगेच सुटते, कारण शिरण्याची घटना आधी होते आणि क्लिक कर्सर ठेवायचं काम नंतर करतो. निवडायचं काम बिगिन-इन्व्होकनं थोडं मागं ढकललं, मग टिकलं.

दिवाणजी टॅब वापरत नाहीत, एंटर मारून पुढं जातात. बावीस वर्षांची सवय, ती मी बदलणार नाही. एंटरला पुढच्या चौकटीत नेलं, तर दरवेळी 'टिंग' वाजायला लागलं. सप्रेस-कीप्रेस (ही कळ इथंच गिळ) खरं केल्यावर ते थांबलं.

चुकीचा आकडा असेल तर व्हॅलिडेटिंगमध्ये (चौकट सोडतानाची तपासणी) कॅन्सल केलं होतं. परिणाम असा की चौकटीत कचरा असला तर माणूस तिथंच अडकतो, कोपऱ्यातल्या फुलीनं खिडकीसुद्धा बंद होत नाही. दिवाणजींनी संगणकाचं बटणच दाबून बंद केलं. ऑटो-व्हॅलिडेटला 'फोकस जाऊ द्या' असं सांगितलं. आता चौकट लाल होते, माणूस फिरायला मोकळा. पट्टी जतन करताना मात्र लाल चौकट असेल तर जतन होत नाही.

सगळ्यात वाईट जतनाचंच होतं. जतन करायचं बटण वरच्या टूलस्ट्रिपवर. त्यावर क्लिक केलं तरी फोकस चौकटीतून हलत नाही, म्हणजे लीव्ह (चौकट सोडल्याची घटना) घडतच नाही. शेवटच्या चौकटीत तोलाई बदलली आणि थेट जतन दाबलं, तर पडद्यावर नवी तोलाई आणि फाईलमध्ये जुनी. हे मला घरी चाचणी करताना तिसऱ्या तासाला सापडलं, तेही नशिबानं. वाचायचं काम लीव्हमधून काढून व्हॅलिडेटेडमध्ये (तपासणी पार पडल्यावरची घटना) नेलं आणि जतनाच्या पहिल्या ओळीत फॉर्मचं व्हॅलिडेट बोलावलं.

१३ फेब्रुवारी

मालकांच्या मुलाचा सेकंड हँड लॅपटॉप. त्यावर दर १४२.५० टाकला (हळदीचा नव्हे, दुसऱ्या मालाचा किलोचा दर), मांडणी झाल्यावर १४.२५०,०० असं काहीतरी दिसलं. आधी वाटलं डोळे. रीजनच्या सेटिंगमध्ये बघितलं तर जर्मन. आधीच्या मालकानं ठेवलेलं असणार. तिथं टिंब हजाराचं आणि स्वल्पविराम दशांशाचा, म्हणून १४२.५० चे झाले चौदा हजार दोनशे पन्नास.

आपल्याकडच्या सेटिंगवरही उलटा धोका आहेच. कुणी १४२,५० पेस्ट केलं तर पार्स स्वल्पविराम कुठं पडलाय ते बघत नाही, नुसता गाळून टाकतो. तेही १४२५०. एक,दोन,तीन असे सुटे स्वल्पविराम दिले तरी १२३ समजतो.

म्हणून वाचताना विंडोजला विचारणंच बंद केलं. इन्व्हेरियंट कल्चर (कुठल्याही देशाशी न बांधलेली आकड्यांची पद्धत) ठरवून दिली, हजाराचे स्वल्पविराम पार्सला वर्ज्य. स्वल्पविराम असलाच तर माझी स्वतःची तपासणी: शेवटचे तीन, मग दोन-दोन, अशा जागी असेल तरच काढायचा, नाहीतर चौकट लाल.

दाखवताना लाख-हजार हवेत म्हणून भारतीय इंग्रजीची कल्चर नवी तयार करून वापरली. काउंटरवर बरोबर, आतल्या खोलीत १,४२५,०००. कुणीतरी त्या विंडोजमध्ये आकड्यांची मांडणी बदलून ठेवलेली, आणि त्या पद्धतीनं बनवलेली कल्चर वापरणाऱ्याचे बदल उचलते. गेट-कल्चर-इन्फोनं घेतली की उचलत नाही. चार तासांत तीन गेले हे शोधण्यात.

१८ फेब्रुवारी

एका पैशाची भानगड. चाचणीसाठी तोलाई क्विंटलला १२.५० धरली, वजन २.३७. गुणाकार २९.६२५. चौकटीत दिसतात २९.६३, बेरजेत धरले जातात २९.६२. दाखवणारी मांडणी अर्ध्याला वर नेते आणि मॅथ-राउंड काही सांगितलं नाही तर जवळच्या सम आकड्याकडं नेतो. राउंडला 'शून्यापासून लांब' असं स्पष्ट सांगितलं आणि आधी राउंड, मग मांडणी, मग त्याच राउंड केलेल्या आकड्याची बेरीज, असा क्रम पक्का केला.

२४ ते २७ फेब्रुवारी

इथपर्यंतच्या चुका संगणकाच्या म्हणता येतील. ही माझी.

जुना आणि नवा प्रोग्रॅम आठवडाभर शेजारी शेजारी चालवायचा असं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी राजापुरी हळदीच्या एका पट्टीत फरक आला. दर १४,२००. जुन्यात १,७१,११०, नव्यात १,७७,५००. सहा हजार तीनशे नव्वद रुपये. मी दोन तास राउंडिंग शोधत बसले. एवढा फरक राउंडिंगचा कसा असेल, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही.

शेवटी दिवाणजींना म्हटलं, काका, वजन पुन्हा टाका, मी बघते. काट्याची चिठ्ठी त्यांनी मोठ्यानं वाचली, "बारा क्विंटल पाच किलो," आणि टाकलं १२.५.

प्रोग्रॅमनं ते १२.५० घेतलं. म्हणजे बारा क्विंटल पन्नास किलो. पंचेचाळीस किलो हळद हवेतून आली.

"काका, पाच किलो म्हणजे पॉइंट शून्य पाच."

"आमचं टिंब म्हंजी क्विंटल सपला. फुडं किलो. पाच तर पाच."

जुना प्रोग्रॅम उघडून बघितला. मला वाटत होतं तिथं वजनाची एकच चौकट आहे. प्रत्यक्षात घरं दोन होती, क्विंटलचं आणि किलोचं, आणि मधे नुसतं टिंब छापलेलं. मी काम घेताना मोबाईलवर फोटो काढला होता, त्यात ते एक घर दिसतं. पुढं महिनाभर मी त्या फोटोवर विसंबून लिहिलं. एकदाही त्या खुर्चीत बसून एक पट्टी केली नाही.

आधी सोपा उपाय केला: टिंबापुढं एकच आकडा असेल तर चौकट लाल, दोन हवेतच. एक दिवस चालला. दर चौथ्या-पाचव्या पट्टीला लाल, आणि दिवाणजी लाल रंग बघितला की पुढं शून्य लावून मोकळे होत. १२.५ चं १२.५०. म्हणजे चूक आता पडताळून होत होती!

मग किलोतच वजन घेऊन बघितलं: १२०५. काटा किलोतच दाखवतो, तर तेच उचला. दिवाणजींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी परत १२.५ टाकलं. मी मागं नव्हते. साडेबारा किलो हळदीची पट्टी निघाली. शेतकरी हसला म्हणून बरं.

शेवटी परत दोन घरं. बाहेरून एकच चौकट दिसते, आत दोन टेक्स्टबॉक्स. पहिल्यात टिंब दाबलं की ते उमटत नाही, कर्सर दुसऱ्यात जातो. एंटरनंही जातो. दुसऱ्यात किलो, ० ते ९९ मधलेच. तिथलं टिंब मात्र खरं दशांश टिंब, अर्ध्या किलोसाठी. म्हणजे १२.५.५ असं सलग बडवलं की बारा क्विंटल पाच किलो पाचशे ग्रॅम. एकाच वजनात दोन टिंबं आणि दोघांचे अर्थ वेगळे. कुठल्याही पुस्तकात हे चूक ठरेल. दिवाणजींनी एका पट्टीत हात बसवला. खाली करड्या अक्षरांत प्रोग्रॅमला काय कळलं ते लिहून येतं: '१२ क्विंटल ५ किलो ५०० ग्रॅम'.

जुन्या नोंदीतून १२.०५ असं सलग वजन पेस्ट केलं तर? ते मी अडवलंय. पेस्ट करणाऱ्याच्या मनात कुठलं टिंब आहे ते मला कळायला मार्ग नाही.

या चार दिवसांचे दहा तास धरून आजवर ३७ तास झाले. धरला होता अर्धा दिवस. वरच्या कामाचे पैसे मागितले नाहीत, फोटो माझाच होता. वेगळा नंबर पॅड तेवढा ४५० रुपयांचा दुकानानं आणला, त्यावरून आकडे नेहमी इंग्रजीच उमटतात.

४ मार्च

तेव्हापासून रोज दोन्ही प्रोग्रॅमचे आकडे जुळले. जुना संगणक टेबलाखाली सरकवला, काढून टाकलेला नाही. हंगाम संपेपर्यंत असू दे म्हणाले.

दिवाणजींनी एकच मागितलं: ती करडी ओळ पट्टीवर छापायची, आणि आकड्यात नको, अक्षरी. रुपये अक्षरी असतात तसं वजनही. म्हटलं वीस मिनिटांचं काम. पण मराठीत शंभरापर्यंतच्या आकड्यांना इंग्रजीसारखा जोडून चालणारा नियम नाही, अख्खी यादीच लागते. हातानं टाइप केली, दोनदा वाचली. एकोणऐंशीच्या जागी एकोणनव्वद पडलं होतं. दिवाणजींनी पहिल्याच पट्टीत पकडलं.